भवानी झाली का? ठाण्याच्या बाजारात नव्याने आलेल्यांसाठी

सकाळी आठच्या सुमाराला गावदेवीच्या मंडईत किंवा जांभळी नाक्यावर गेलात की मेथीची जुडी पुढे करून मावशी म्हणतात, "घ्या ना ताई, भवानी करा." ठाण्यात मुरलेला माणूस एकतर मुकाट जुडी घेतो, नाहीतर "झाली नाही का अजून? मग कितीला देणार?" म्हणत पिशवी उघडतो. नव्याने आलेला मात्र गोंधळतो. मराठी न येणारा गोंधळला तर नवल नाही, पण मराठी घरात वाढलेलेही गोंधळतात. घोडबंदर रोडच्या इमारतींत विदर्भातून आलेली बरीच मंडळी राहतात. त्यांना 'बोहनी' कळते, 'भवानी' म्हटलं की तुळजापूर आठवतं.

आमचं नौपाड्यात वह्या-कागदाचं दुकान आहे. गल्ल्यावर बसल्यावर हा शब्द रोज कानावर पडतो आणि रोज तोंडी येतो. तो कधी काढायचा, कसा काढायचा आणि कुणी तो तुमच्यावर वापरला तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो. आधी खरेदीला जाणाऱ्यांसाठी, मग ज्यांना इथे काही विकायचं आहे त्यांच्यासाठी.

पहिली पायरी : अर्थ नीट धरा

भवानी म्हणजे दिवसाची पहिली रोख विक्री. यातला 'रोख' विसरू नका. गिऱ्हाइकाने माल उचलला आणि "संध्याकाळी देतो" म्हणून गेला, तर विक्री झाली पण भवानी झाली नाही. उलट दहा रुपयांची कोथिंबीर गेली आणि दहा रुपये हातात आले, की भवानी झाली. रकमेला इथे काही किंमत नाही. आमच्याकडे कित्येकदा एका पेन्सिलीवर भवानी होते आणि त्या पेन्सिलीचं गिऱ्हाईक, बहुतेक वेळा शाळेत निघालेलं पोर, त्या दिवशी आमच्या दृष्टीने मोठं माणूस असतं.

मागची समजूत सरळ आहे. पहिला हात चांगला लागला की दिवस चांगला जातो. याला हातगुण म्हणतात. डॉक्टरच्या हाताला गुण असतो तसा गिऱ्हाइकाच्याही हाताला असतो, असं मानणारे विक्रेते भरपूर आहेत. काही जण तर ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगूनच ठेवतात, "जाता जाता आमच्याकडे एक चक्कर टाकत जा."

शब्द आला कुठून? मला विचाराल तर 'बोहणी'च लोकांच्या तोंडी घासून 'भवानी' झाली असावी, कारण देवीचं नाव जिभेला सवयीचं आणि सकाळच्या पहिल्या पैशाला शोभणारं. गुजरातीत तो 'बोणी' आहे, आणि तिकडे दिवाळीत नोकरमाणसांना हातावर ठेवतात त्या पैशांनाही बोणी म्हणतात. तमिळ आणि तेलुगूतही पहिल्या विक्रीला बोणीच म्हणतात. त्यामुळे ठाण्यात इडलीवाल्या अण्णांना 'बोणी' विचारलं, कापडवाल्या शेठजींना 'बोणी' विचारलं, आणि राबोडीतल्या फळवाल्या चाचांना 'बोहनी' विचारलं, तरी काम भागतं. चाचा वर 'बरकत' हा शब्दही जोडतील. तो 'लाभ'चाच भाऊ आहे.

आणखी एक. भवानीला घड्याळ नसतं, धंदा असतो. भाजीवालीची भवानी सकाळी सातला होते, कापडवाल्याची अकराला, आणि भजी-वड्याची गाडी संध्याकाळी लागत असेल तर तिची भवानी संध्याकाळी पाचला. तेव्हा पाच वाजता कुणी "भवानी करा" म्हणालं म्हणून तो लबाडच, असं धरून चालू नका. लबाडी कशी ओळखायची ते पुढे येतं.

दुसरी पायरी : क्रियापद चुकवू नका

भवानी होते, करतात किंवा देतात. "भवानी झाली का?" हा प्रश्न. "भवानी करा" ही विनंती. "सकाळी तुम्हीच भवानी दिलीत, दुपारपर्यंत टोपली रिकामी" ही पावती. "भवानीची वेळ आहे" म्हणजे अजून एक पैसा आलेला नाही, तेव्हा भलतंसलतं बोलू नका.

पण भवानी 'येत' नाही. "आली बघा भवानी" हे मराठीत एखाद्या तोऱ्यातल्या किंवा भांडकुदळ बाईला उद्देशून म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. मासळीबाजारात कोळणीला तुम्ही हौसेने "काय मावशी, भवानी आली का?" विचारलंत, तर शेजारची कोळीण हसेल आणि तुमची मावशी तुम्हाला शिळे बोंबील देईल. 'झाली का' एवढंच पाठ करा.

हाक कशी मारायची हेही इथेच सांगतो. भाजी-मासे विकणाऱ्या बायकांना मावशी, वयस्क असतील तर आजी. गाडीवाल्याला दादा किंवा भाऊ, दुकानातल्या मोठ्या माणसाला काका. नुसतं "ओ भाजीवाली" म्हणू नका. आणि त्या तुम्हाला ताई, दादा, वहिनी म्हणतील ते वयाचा नीट अंदाज घेऊन म्हणतील असं नाही. पंचविशीत 'काकी' ऐकायची तयारी ठेवा.

तिसरी पायरी : भाव विचारण्याआधी एक प्रश्न

सकाळच्या पहिल्या तासात बाजारात गेलात तर सगळ्यात उपयोगाचं वाक्य हे : "मावशी, भवानी झाली का?"

"झाली" म्हणाल्या तर मोकळेपणाने भाव विचारा, चार ठिकाणी फिरा, नाही घेतलं तरी कुणी मनाला लावून घेत नाही. "नाही झाली" म्हणाल्या, तर आता तुम्ही पहिलं गिऱ्हाईक आहात. अशा वेळी घ्यायचं असेल तरच भाव विचारायचा. विचारून, माल उलटापालटा करून, नाक मुरडून निघून जाणं, याचा बाजारात फार राग येतो. विक्रेत्याच्या लेखी दिवसाचा पहिला हात रिकामा परत गेला.

घासाघीस करायची नाही का? करायची. भवानीला भाव करू नये असं कुठे लिहिलेलं नाही. करायची ती घ्यायच्या तयारीने. उलट पहिल्या गिऱ्हाइकाला अनेकदा भाव बरा मिळतो, कारण त्याला परत पाठवणं विक्रेत्याला नको असतं. समजा चेंदणी कोळीवाड्याजवळ सकाळी मासळी घ्यायला गेलात. कोलंबीच्या वाट्याचे तीनशे सांगितले. तुम्ही दोनशे म्हणालात, तर मावशी तोंड फिरवतील, मग दोन कोलंब्या वाट्यावर टाकतील, मग "चल, भवानीची वेळ आहे, अडीचशे दे" म्हणतील. इथे थांबायचं. अडीचशेचे दोनशे तीस करायला गेलात तर पैसे वाचतील, पण पुढच्या रविवारी त्या मावशी तुम्हाला ओळखणार नाहीत. आणि मासळीबाजारात ओळख नसलेल्या माणसाला ताजा मासा निवडता आला नाही तर काय मिळतं, ते सांगायला नको.

भाव विचारला आणि खरोखरच परवडत नाही, असंही होतं. मग त्याच टोपलीतली एखादी छोटी गोष्ट घ्या. भाजीवालीकडे लिंबं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. दहा रुपयांत भवानी होते, तिचा हात रिकामा राहत नाही आणि तुमच्या पोह्यांची सोय होते. मासळीवालीकडे हे जमत नाही, म्हणून तिथे आधी प्रश्न, मग भाव.

चौथी पायरी : पैसे कसे द्यायचे

भवानीला सुट्टे द्या. पाचशेची नोट पुढे केलीत तर तिचा गल्ला रिकामा आहे हे विसरलात. ती शेजारच्या गाड्यावर सुट्टे मागायला जाणार, आणि भवानीच्या आधी दुसऱ्याकडे हात पसरायचा म्हणजे तिला नकोसं होतं.

पैसे हातात पडल्यावर ती काय करते ते एकदा बघून ठेवा. नोट आधी तराजूच्या पारड्याला लावते, मग भाजीच्या ढिगावरून फिरवते, मग दोन्ही डोळ्यांना आणि कपाळाला, आणि तेव्हा कुठे ती कमरेच्या पिशवीत जाते. कोळीण तीच नोट कोयत्याच्या पात्याला टेकवते. रिक्षावाला मीटरला. हे चालू असताना "मावशी, पिशवी द्या ना लवकर" म्हणू नका, दोन सेकंदांचं काम असतं. आमच्याकडे पहिली नोट गल्ल्यात टाकायची नाही, लक्ष्मीच्या फोटोखाली सरकवायची आणि रात्री हिशेबात धरायची, अशी जुनी रीत आहे. घाईत कुणी ती गिऱ्हाइकाला परत दिली तर घरात दिवसभर विषय.

यूपीआय 2016 साली सुरू झालं, त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या, आणि बघता बघता भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकला. मग कपाळाला काय लावायचं? बाजाराने आपला मार्ग काढला. कुणी मोबाइल कपाळाला लावतो, कुणी पैसे आल्याचं बोलून दाखवणाऱ्या त्या डबीला नमस्कार करतो. काही मावशी मात्र सरळ सांगतात, "भवानीला रोख द्या, मग दिवसभर स्कॅन करा." सकाळी बाजारात जाताना दहा-वीसच्या चार नोटा खिशात ठेवल्यात तर हा प्रश्नच येत नाही.

शेअर रिक्षालाही हेच लागू. स्टेशनकडे जाणारी पहिली फेरी असेल तर रिक्षावाला सुट्ट्यांवरून चिडतो, त्यामागे अर्धा सुट्ट्यांचा प्रश्न आणि अर्धी भवानी असते.

पाचवी पायरी : सकाळी काय टाळायचं

उधारी मागू नका. किराण्याच्या दुकानात तुमचं महिन्याचं खातं असलं तरी पहिलं गिऱ्हाईक म्हणून जाऊन "लिहून ठेवा" म्हणू नका.

माल बदलायला दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. राम मारुती रोडला घेतलेला कुर्ता उसवलेला निघाला, तर बदलून मागणं हा तुमचा हक्कच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. एवढी मुदत हातात असताना सकाळी दहालाच जायची काही गरज नाही. दुपारी बाराला जा, तेच काम अर्ध्या वादात होतं. "बदलून मिळणार नाही" अशी पाटी भिंतीवर असली तरी सदोष मालाबाबत ती तुम्हाला बांधत नाही, हेही लक्षात ठेवा.

नुसता पत्ता विचारायचा असेल तर खुशाल विचारा. त्याचं कुणी काही मानत नाही. दुकानदाराला पत्ते सांगायला आवडतं.

भवानीचा दाब कसा ओळखायचा

आता दुसरी बाजू. "भवानी आहे ताई" हे वाक्य विक्रीचं हत्यारही आहे. स्टेशन परिसरातल्या कपड्यांच्या, पर्सच्या, मोबाइल कव्हरच्या ठेल्यांवर ते भरदुपारी ऐकू येतं, आणि दहा पावलं पुढच्या गिऱ्हाइकालाही तेच ऐकवलं जातं. नव्याने आलेला माणूस भिडेखातर घेतो.

परीक्षा सोपी आहे. पाचशेची नोट दाखवा आणि सुट्टे आहेत का विचारा. खिशातून दहा-वीस-पन्नासचा जाड गठ्ठा निघाला, तर भवानी केव्हाच झालेली आहे. मग हसून "भाऊ, तुमची तिसरी भवानी दिसते" म्हणा आणि तुमचा भाव सांगा. तोही हसतो. ठाण्यात अशा चोऱ्या पकडल्या म्हणून कुणी भांडत नाही.

आणि खरोखरची भवानी असली तरी नको असलेली वस्तू घ्यायचं बंधन तुमच्यावर नाही. भाव विचारला नसेल तर मान हलवून पुढे जा. शिष्टाचार आहे तो विचारून परतण्याबद्दल, बाजारातून चालण्याबद्दल नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही, ती इथे सांगितलीच पाहिजे. हातगुण-पायगुणाच्या नावाखाली काही विक्रेते विधवा बाईच्या हातची भवानी टाळतात. तोंडावर म्हणत नाहीत, "थोड्या वेळाने या" म्हणतात. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जे कळलं ते शहरातल्या बाजाराला कळायला हरकत नसावी. असं कुणी वागताना दिसलं तर त्याच्याकडे खरेदी करू नका. भवानीच्या वेळी गिऱ्हाईक उठून गेलं, याहून त्याला झोंबेल असं काही नाही.

तुम्हालाच काही विकायचं असेल तर

हल्ली नव्याने आलेल्यांत घरून केक, डबे, मसाले, साड्या विकणारे पुष्कळ. सोसायटीच्या प्रदर्शनात टेबल मांडतात आणि पहिल्याच येणाऱ्याला "घ्या, तुम्ही आमचे पहिले कस्टमर, तुम्हाला फ्री" म्हणतात. हे करू नका. भवानी फुकट होत नाही. चव बघायला तुकडा द्या, पण डबा दिलात तर निदान रुपया तरी घ्या. जुनी ठाणेकर गिऱ्हाइकं स्वतःच म्हणतील, "अहो, भवानी आहे, पैसे घ्या."

पहिला दिवस कोणता निवडायचा? साडेतीन मुहूर्त सगळ्यांना ठाऊक असतात असं आपण धरतो, पण विचारलं की बरेच जण अडखळतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, दिवाळीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा हा अर्धा. या दिवशी पंचांग बघावं लागत नाही. गैरसोय एवढीच की गुढीपाडव्याला अर्धं ठाणं सकाळी स्वागतयात्रेत असतं, राम मारुती रोड आणि तलावपाळीचे रस्ते माणसांनी भरलेले. तुमचा गाळा त्या रस्त्यावर असेल तर उद्घाटनाला पाहुणे पोचणार कसे हे आधी बघा, मुहूर्त नंतर.

आकडा शून्यावर संपू नये हा नियम तुम्हाला दक्षिणेपासून आहेरापर्यंत सगळीकडे भेटेल. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. जुनी माणसं 'सव्वा रुपया' म्हणतात, पण तो आता शब्दशः देताच येत नाही. चार आणे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. गुरुजींनी "सव्वा रुपया ठेवा" म्हटलं तर अकरा ठेवा, ते काही बोलणार नाहीत. एकशे एक ठेवलेत तर त्याहून काही बोलणार नाहीत.

दाराला लिंबू-मिरची बांधायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. शनिवारी सकाळी बांधून देणारा दारात येतोच.

मला जास्त बोलायचं आहे ते चोपडीबद्दल, कारण ते आमच्या दुकानाचं. लक्ष्मीपूजनाला व्यापारी हिशेबाच्या वह्यांची पूजा करतात. लाल कापडी बांधणीची खतावणी, रोजमेळ, पहिल्या पानावर 'श्री', स्वस्तिक, आणि दोन बाजूंना 'शुभ' आणि 'लाभ'. नवखे दुकानदार हे दोन शब्द स्टिकरवर घेतात आणि काचेवर कुठेही चिकटवतात. त्यांची जागा दाराच्या दोन बाजूंना किंवा पानाच्या दोन अंगांना, आणि शुभ आधी. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, हिशेब कॉम्प्युटरवर गेले, आणि जाड चोपड्यांचा खप उतरला. पण पूर्ण थांबला नाही. आता लोक पूजेपुरती एक बारीकशी चोपडी नेतात आणि तिच्या शेजारी लॅपटॉप ठेवून दोघांना हळदकुंकू वाहतात. कीबोर्डवर अक्षता टाकू नका, एवढाच माझा सल्ला. दाणे बटणांखाली जातात. शेअर बाजारातही दिवाळीत तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. मुंबई शेअर बाजारात ते 1957 पासून चालत आले आहेत. नाव मुहूर्त असलं तरी काम भवानीचंच, थोडी खरेदी करायची आणि खातं उघडायचं.

खाडीपलीकडे वाशीच्या बाजार समितीत भवानीचा थाट आणखी मोठा. हापूसची हंगामातली पहिली पेटी, कधी डिसेंबर-जानेवारीतच देवगड किंवा रत्नागिरीहून येते, तिला मुहूर्ताची पेटी म्हणतात. तिला हार घालतात, पूजा करतात, आणि तिला मिळालेला भाव वर्तमानपत्रात छापून येतो. तो भाव वाचून आंबा महाग झाला असं समजू नका. तो मुहूर्ताचा भाव आहे. खायचा आंबा एप्रिल-मेमध्ये घ्या.

भवानीच्या सोबतचे शब्द

भवानी एकटी येत नाही, तिच्याबरोबर बोलण्याची एक पद्धत येते. अशुभ वाटेल असं क्रियापद टाळायचं. त्यातले तीन-चार प्रयोग माहीत असले की पुरे.

दुकान रात्री 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात'. "दुकान बंद केलं" म्हणजे धंदा गुंडाळला. फोनवर नऊ वाजता विचारायचं असेल तर "काका, दुकान वाढवलंत का?" म्हणा. नारळही वाढवतात, फोडत नाहीत. बांगडी फुटली तरी ती वाढवली जाते. दिवा विझवत नाहीत, मालवतात किंवा शांत करतात. घरात तांदूळ, मीठ, कुंकू 'संपलं' म्हणायला मोठी माणसं कचरतात, 'वाढलं' म्हणतात. त्यामुळे सासूबाईंनी "मीठ वाढलंय" म्हटलं आणि तुम्ही पानात बघत बसलात, असं होऊ देऊ नका. वाण्याकडे जा.

निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. दुकानातून बाहेर पडतानाही "येतो काका" म्हटलं की काका "या" म्हणतात, आणि तेवढ्यावर पुढच्या वेळचा पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो.

धान्य मापाने मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची चाल आहे. लाभ, दोन, तीन, चार. आता सगळं काट्यावर किलोत मिळतं, त्यामुळे शहरात हे कमी ऐकू येतं. पण गावाहून तांदूळ आला आणि मामा पायलीने मोजून द्यायला लागले की ऐकाल. नवखा माणूस लाभ सोडून दोनपासून मोजतो आणि एक माप कमी मिळालं म्हणून तक्रार करतो.

कुठे हा शब्द काढायचा नाही

परीक्षेला, मुलाखतीला किंवा प्रवासाला निघालेल्याला 'भवानी होवो' म्हणत नाहीत. तिथे शुभेच्छा द्या, "यश मिळू दे" म्हणा, किंवा सरळ ऑल द बेस्ट म्हणा, ते आता मराठीच झालं आहे. नव्या दुकानाच्या पुष्पगुच्छावर 'भरभराट होवो' लिहा.

डॉक्टर आणि वकील आपसात थट्टेने भवानी म्हणतात. दवाखान्यात पहिल्या नंबराला बसलेल्या पेशंटने म्हटलं तर डॉक्टर हसतील, रिसेप्शनवरची ताई हसणार नाही. अंत्यविधीचं सामान विकणाऱ्याला हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तिथून आणि दुःखाच्या घरातून निघताना 'येतो'ही म्हणायचं नसतं.

बाकी थट्टेत मात्र खुशाल वापरा. पहिल्या तीन मॅच हरलेल्या संघाने चौथी जिंकली की "झाली एकदाची भवानी", सेल्समध्ये महिन्याची पहिली ऑर्डर आली की "भवानी झाली", सोसायटीच्या वर्गणीत पहिली पावती फाटली की भवानी झाली. वर्गणी गोळा करणाऱ्यांसाठी एक सूचना : भवानीला उदार माणसाच्या घरी जा, कारण पावतीपुस्तकातला पहिला आकडा बघूनच बाकीचे आपला आकडा ठरवतात.

उत्तर काय द्यायचं

सगळ्यात शेवटी, तुम्ही टेबल मांडून बसलात आणि शेजारच्याने किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं, "काय, भवानी झाली का?" झाली असेल तर "झाली, तुमच्या कृपेने" म्हणा, किती रुपयांची ते सांगू नका. झाली नसेल तर 'नाही' म्हणायचं नाही. "होईल आता" म्हणायचं. आणि विचारणारा गिऱ्हाईक वाटला, तर त्याच्याकडे बघून म्हणायचं, "तुमच्याच हातची व्हायची आहे." यावर ठाणेकर निदान चकलीचं एक पाकीट घेतल्याशिवाय पुढे जात नाही.